दुसऱ्या पुलापर्यंतचा धडा

घनश्यामभाऊ पेनचं टोपण दातात धरून लिहायचा. कागदाला स्टेपल मारली की मागून बोट फिरवून बघायचा, कुणाला टोचू नये म्हणून. गिऱ्हाइकाचं नाव लिहिण्याआधी ते त्याच्याकडूनच मोठ्याने म्हणवून घ्यायचा. अर्ज पूर्ण झाला की दोनदा वाचायचा. एकदा वरून खाली, एकदा खालून वर. चहा बशीत ओतायचा आणि विसरायचा. सायकलला स्टँड असूनही ती भिंतीला टेकवायचा. रस्त्यात भेटलेल्या माणसाचे आधी पाय बघायचा, चेहरा नंतर.

यातलं आता तो काही करत नाही. त्याला आजार नाही, अपघात नाही. तो नागपूरकडच्या एका गोदामात खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवतो. फोन केला तर उचलतो, "बरं आहे" म्हणतो आणि ठेवतो.

अर्जुनी मोरगावला बसस्टँडसमोर त्याचं दुकान होतं. झेरॉक्स, फोटो, ऑनलाइन अर्ज. मराठीत एम.ए. झाल्यावर मी तिथे नोकरीचे अर्ज भरायला जाऊ लागले. नोकरी लागली नाही, दुकानात बसायची सवय लागली. माझं नाव रुची, पण तो मला 'साहित्य' म्हणायचा. "ये साहित्य, याचं शुद्धलेखन बघ. तुझ्या डिग्रीचा काहीतरी उपयोग होऊ दे."

दुकान दहाला उघडायचं. पहाटे साडेपाचला मात्र तो कालव्याच्या रस्त्यावर सायकलवर असायचा. हँडलला दहावीचं भूगोलाचं पुस्तक, कपडे वाळवायच्या चिमट्यांनी अडकवलेलं. शेजारी दामिनी चालत असायची.

दामिनी म्हणजे धानाच्या शेतात मजुरी करणाऱ्या अनुसयाबाईची मुलगी. तीन किलोमीटर चालण्याच्या शर्यतीत, सतरा वर्षांखालच्या मुलींमध्ये, जिल्ह्यात पहिली. या शर्यतीत पळायचं नसतं. एक पाय कायम जमिनीला हवा, गुडघा सरळ हवा. त्यामुळे कंबर डोलते आणि बघणाऱ्याला हसू येतं. शेतावर निघालेली माणसं ओरडायची, "काहो पोरी, बदकं कुठं चालले?"

दामिनी न थांबता ओरडायची, "तुमच्याच बांधीत जी. धान खायले."

शाळा दामिनीच्या गावापासून सात किलोमीटर. सराव दोन वेळचा. अभ्यासाला वेळ उरत नव्हता, म्हणून घनश्यामभाऊने ही युक्ती काढली होती. तो सायकलवरून धडा वाचायचा, मध्येच प्रश्न विचारायचा.

"ब्राझीलचे लोक समुद्राकडं काऊन राहतात?"

"कारण आतमधी जंगल आहे, हवा दमट आहे, अन् रस्ते कमी आहेत."

"लय लंबं उत्तर देलंस. हळू चालून राहिली तू. वाढव."

थोड्या वेळाने, "राजधानी?"

"ब्रा... सिलिया."

"आता बराबर."

लांब उत्तर आलं की वेग कमी. एका शब्दाचं आलं की वेग योग्य. उत्तरच आलं नाही की जास्त. मग तो ब्रेक दाबायचा. "थांब. श्वास घे. ब्राझील कुठं पळून नाही जात." वाचन जिथे थांबेल तिथे तो समासात पेन्सिलने जागा लिहायचा. मोहाचं झाड. पहिला पूल. गिरणी.

नववीत असताना विभागीय स्पर्धेत दामिनी तिसरी आली होती. चार सेकंद कमी पडले. पहिल्या दोघींना सरकारी क्रीडा वसतिगृहात जागा मिळाली. तिथे शाळा आणि मैदान एकाच आवारात. सराव बघून तास लावतात. दामिनीला पुढचं वर्ष शेवटचं होतं. नंतर वय निघून जाणार होतं. "एकदा तिथं गेली का मग मी मोकळा," घनश्यामभाऊ म्हणायचा.

दहावी सुरू झाली आणि शाळेने जादा तास लावले. सकाळी आठ ते संध्याकाळी पाच. हजेरी सक्तीची. मुख्याध्यापक वाईट नव्हते. निकालाची काळजी त्यांनाही होतीच. आठला पोचायचं तर सहालाच घर सोडावं लागे, त्यात सकाळचा सराव गेला. संध्याकाळी दामिनी घरी पोचायची तेव्हा दिवे लागलेले असायचे.

जुलैत घनश्यामभाऊला वाट सापडली. सतरा नंबरचा फॉर्म. शाळेतून नाव काढायचं, खाजगी विद्यार्थी म्हणून घरून परीक्षा द्यायची. ही वाट त्याच्या ओळखीची होती. तो स्वतः कधी काळी पाच हजार मीटर पळायचा. त्या नादात कॉलेज सुटलं, बारावी राहिली, पुढे पळणंही सुटलं. तीन वर्षांनी सतरा नंबरवरच तो पास झाला होता. "या फॉर्मानं मले माणसात आणलं," तो सांगायचा.

अनुसयाबाई दुकानात आल्या. हाताचा चिखल नीट सुकला नव्हता. धानाची रोवणी चालू होती.

"मंजे पोरीचं नाव कापायचं का, घनश्याम?"

"कापत नाही, मावशी. बाजूला ठेवून राहिलो. परीक्षा तीच, सर्टिफिकेट तेच. वर दिवसभर मोकळी."

"तू म्हणतं त बराबरच असन, बाप्पा." त्यांनी सही केली.

त्याने फॉर्म वरून खाली वाचला, खालून वर वाचला. मग मला दिला. मी वाचला. त्यात एकही चूक नव्हती.

ऑगस्ट चांगला गेला. ब्राझीलचं हवामान संपलं, वनस्पती संपल्या. दामिनीने तीन किलोमीटरला पहिल्यांदाच सतरा मिनिटांच्या आत वेळ दिली. घनश्यामभाऊने त्या दिवशी चहा पूर्ण प्यायला.

सप्टेंबरमध्ये तालुक्याची शालेय स्पर्धा होती. मैदानावर टेबल टाकून शाळाशाळांच्या याद्या तपासत होते. दामिनी छातीवरचा नंबर घ्यायला गेली. तिच्या शाळेच्या क्रीडाशिक्षकांनी यादी पुन्हा पाहिली आणि घनश्यामभाऊला बोलावलं.

"हिचं नाव आमच्या रजिस्टरवर नाही ना जी."

"सर, सतरा नंबर भरला आहे तिचा."

"तेच सांगून राहिलो. शालेय स्पर्धा शाळेत शिकणाऱ्या पोरींची. खाजगीवाली खेळू नाही शकत."

घनश्यामभाऊ आधी हसला. कागदाची काही अडचण असेल, निघेल मार्ग, असं त्याला वाटलं असावं. मग त्याने दातातलं टोपण काढलं आणि ते पेनला लावायला लागला. ते लागेना. मी शेजारी उभी होते. पलीकडे दामिनी पायाचे घोटे फिरवत अंग मोकळं करत होती.

पुढे तो सगळीकडे गेला. मुख्याध्यापकांनी खुर्ची दिली, चहा दिला. दहावीची नावनोंदणी बोर्डाकडे गेली होती, आता परत घेता येत नव्हतं. ते म्हणाले, "मले एकदा विचारायचं तरी होतं, घनश्याम."

"दाखला देताना तुम्ही तरी कायले नाही विचारलं, सर?"



तो तीन वेळा रेल्वेने गोंदियाला, जिल्हा क्रीडा कार्यालयात गेला. साहेबांनी नियम वाचून दाखवला. वसतिगृहाची जागा शालेय स्पर्धेच्या निकालावरच होती. नियमात कुठेही पळवाट नव्हती. त्याने तो कागद मागून घेतला आणि परतीच्या गाडीत खालून वरही वाचला.

दामिनीला त्यानेच सांगितलं, कालव्यावर. ती रडली नाही. तिने विचारलं, "मंग मी आता कोणत्या शाळेची, भाऊ?"

त्यानंतर ती तीन दिवस आली. तो वाचायचा, विचारायचा. उत्तर येत नव्हतं. त्याच्या हिशेबाने उत्तर नाही म्हणजे वेग जास्त. पण ती बैलगाडीसारखी चालत होती. हे मला त्याने सांगितलं, एवढंच. तिसऱ्या दिवशी एका ओळीच्या मध्येच ती उभी राहिली. "राहू द्या ना जी, भाऊ," म्हणाली आणि वळून घरी गेली.

दुकान आणखी काही महिने चाललं, म्हणजे उघडं होतं. तो अर्ज भरायचा, वाचायचा, पुन्हा वाचायचा. शेवटचं बटण दाबायला बोट न्यायचा आणि परत वरून सुरू करायचा. सुकराम नावाच्या मुलाच्या वनरक्षक भरतीची मुदत त्याच्या समोरच्या खुर्चीवर बसल्याबसल्या संपली. "भाऊ, दाब ना," तो म्हणत होता. शेवटी मी माउस ओढून घेतला, तेव्हा पाच मिनिटं उशीर झाला होता. सुकराम आपले कागद गोळा करून निघून गेला. लोक समोरच्या दुकानात जायला लागले. जानेवारीत घनश्यामभाऊ दुकान बंद करून नागपूरकडे निघून गेला.

दामिनी परीक्षेला बसली नाही. आईबरोबर मजुरीला जाते. मी एकदा तिच्या घरी गेले. म्हटलं, मी धडे वाचते, मलाही सायकल येते. ती भांडी घासत होती. "ताई, तुमी कायले तरास घेता," म्हणाली. तरी दुसऱ्या दिवशी साडेपाचला मी कालव्यावर जाऊन उभी राहिले. साडेसहाला परतले.

दुकानाची चावी तो माझ्याकडे ठेवून गेला आहे. परवा दुकान उघडलं. भूगोलाचं पुस्तक कपाटात होतं, चिमटे अजून लावलेले. पानं उलटत गेले. मोहाचं झाड. गिरणी. पहिला पूल. गिरणी. मग ब्राझीलच्या लोकसंख्येचा धडा, आणि एका ओळीच्या मध्येच, समासात, त्याच्या बारीक अक्षरात: दुसरा पूल.

पुढे धड्याचं दीड पान उरलं आहे.