मेळघाटच्या सागाचा रहाटपाळणा

अकोल्यात इंजिनावर चालणारा लोखंडी पाळणा आला, तेव्हा तो बघायला मी अमरावतीहून मुद्दाम एस.टी.नं गेले होते. साठ साल उलटलं होतं. नवऱ्याला अमरावतीत सरकारी कचेरीत शिपायाची नोकरी लागली होती आणि आमचं बिऱ्हाड तिकडं होतं. शेजारीण म्हणाली, "पाळना पाहाले कोनी अकोल्याले जाते काय वं?" मी म्हटलं, मी जाते. कुणाला लुगड्यांचा सोस असतो, कुणाला दागिन्यांचा. मला पाळण्यांचा आहे, आणि त्याची लाज वाटावी असं काही मला आजवर सापडलेलं नाही.

त्या लोखंडी पाळण्यात मी दोनदा बसले. रंग झकास होता, दिवे होते. मालक येईल त्याला मिळेल त्या पेटीत कोंबत होता, कारण ओढायला इंजिन होतं. वर जाताना सगळं ठीक. पण माथ्यावरून खाली येताना पोटात जो खड्डा पडायला पाहिजे तो काही पडेना. उतरल्यावर मी मालकाला सांगितलं की तुमच्या पेट्यांच्या कड्या बरोबर मधोमध लावल्यात, त्या जरा मागं घ्या. त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाला हाक मारली.

कडी मागं घेण्याची अक्कल माझी नव्हे, सासऱ्यांची. ते परतवाड्याच्या लाकडाच्या वखारीत हमाल होते. मेळघाटातून येणारा साग उतरवता उतरवता त्यांना लाकडाचा नाद लागला आणि त्यांनी रहाटपाळणा बांधला. दोन उंच खांब, खांबांवर आडवा आस, आसाला चार बाह्या आणि बाहीला टांगलेली पेटी. खाली उभं राहून दोघांनी ओढायचं. पेटीची कडी त्यांनी दोन बोटं मागं लावली होती, त्यामुळे माथ्यावरून उतरताना पेटी किंचित पुढं झुकायची आणि बसलेल्याला वाटायचं, गेलो आता. बाया किंचाळायच्या, सासऱ्यांना शिव्या द्यायच्या आणि उतरून पुन्हा रांगेत उभ्या राहायच्या.

माझं काम जोड लावायचं. हातानं फिरणाऱ्या पाळण्यात समोरासमोरच्या पेट्यांतलं वजन जुळलं नाही तर चाक अर्ध्यात अडतं आणि ओढणाऱ्याचे खांदे कामातून जातात. लग्न होऊन आले त्या पहिल्याच हिवाळ्यात माझ्या ध्यानात आलं की मला नुसत्या नजरेनं माणूस तोलता येतो. हा जाडा धोतरवाला एकीकडं, आणि त्याच्या समोर या मायलेकी. माझी जोड चुकली असं फार क्वचित झालं. सासू भाकरी थापता थापता म्हणायची, "पाहा, बकऱ्याचा बजार भरवून राहिली हे." मला ते ऐकायला आवडायचं.

दर पौषात आमचा पाळणा परतवाड्यापलीकडं, डोंगराच्या पायथ्याशी भरणाऱ्या देवाच्या जत्रेला जायचा. वर्षाची कमाई तिथंच. पाळणा उभा झाला की सासरे खांबाशी लिंबू चिरडायचे, नारळ फोडायचे, खांबाला शेंदूर लावायचे आणि पहिली फेरी रिकामी फिरवायचे. त्याशिवाय कुणी पेटीत पाय ठेवत नसे. आमची वस्ती गावाबाहेरची. आमच्या मडक्यातलं पाणी गावच्या लोकांना चालत नव्हतं, आमचा पाळणा चालायचा. नारळ फुटला की लाकूड देवाचं होतं, आमचं राहत नाही, असा काहीतरी त्यांचा हिशेब असावा. आम्ही कधी विचारलं नाही. पाळणा भरत होता ना, मग कशाला तोंड उघडायचं.

छप्पनच्या दसऱ्याला सासरे आणि नवरा नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले. मी भरल्या दिवसांची होते, म्हणून मी आणि सासू घरीच राहिलो. आल्या आल्या सासऱ्यांनी फळीवरचे देव टोपलीत भरले आणि नदीला नेऊन सोडले. सासू दाराशी उभी होती. ती हो म्हणाली नाही की नाही म्हणाली नाही. दिवाळीच्या तोंडावर मला मुलगा झाला. चांगला धष्टपुष्ट होता. मग एका सकाळी त्यानं दूध ओढणं बंद केलं, अंग तापलं, आणि बारशाच्या आधीच तो गेला.

मला त्या दिवसांविषयी कुणी विचारलं तर सांगण्यासारखं फार नाही. छाती दुधानं दुखायची म्हणून सासूनं फडकं आवळून बांधलं होतं. मी जेवत होते, झोपत होते. अंगात ताकद आल्यावर कापूस वेचायलाही गेले. बोंडांनी बोटं सोलली तरी ती दुसऱ्या कुणाची असावीत तसं वाटायचं. रडू येत नव्हतं. बाया येऊन बसायच्या, माझ्या तोंडाकडं पाहायच्या आणि कंटाळून उठून जायच्या. घरात त्याचा विषय कुणी काढत नव्हतं. मीही नाही. मग दिल्लीहून बाबा गेल्याची बातमी आली आणि वस्तीतल्या चुली विझल्या. त्या हिवाळ्यात सगळेच माझ्यासारखे झाले होते. माझ्याकडं कुणाचं लक्ष राहिलं नाही, आणि मला ते बरं वाटलं.

पौष आला तसा सासऱ्यांनी पाळणा बाहेर काढला, आसाला एरंडेल पाजलं. नवरा म्हणाला, "बा, नारळाचं काय?"

"नाई फोडनार."

"मंग कोन बसते?"

"लाकूड तेच हाय, आस तोच हाय. बसतीन."

"जत्रा देवाचीच हाय नं?"

"आपन देवाले चाल्लो काय? पाळना फिरवाले चाल्लो." मग एरंडेलाचे हात पुसत सासरे म्हणाले, "मी शब्द देल्ला, अन् ज्याले देल्ला तो मानूस गेला. आता वापस घ्याचा तं कोनापाशी जाऊन घेऊ?"

 नवऱ्याच्या मनातलं मला कळत होतं. देव काढले आणि मुलगा गेला, ही गोष्ट लोक बोलत होते, आमच्या वस्तीतलेही दबल्या आवाजात बोलत होते, आणि त्याला ती लागली होती. यंदा नारळावाचून पाळणा फिरला नाही तर लोकांचं म्हणणं खरं ठरणार होतं, निदान त्याच्या लेखी. सासऱ्यांच्या लेखी नारळ फोडला तर त्यांचा शब्द जाणार होता. शिवाय वखारीचा व्यापारी आधीच घरी डोकावून गेला होता. साग जुना झालाय, दारं-चौकटी फक्कड होतील, द्यायचा असेल तर सांगा, म्हणाला.

जत्रेत आम्ही नेहमीच्या जागी पाळणा उभा केला. लोक यायचे, खांबाकडं पाहायचे. शेंदूर नाही, नारळाची करवंटी नाही. मग ते पलीकडच्या पाळण्याकडं वळायचे. तो पाळणा आमच्यापेक्षा लहान आणि कड्या मधोमध लावलेला, पण त्याच्याकडं रांग लागलेली. जी माणसं नारळावाचून बसली असती, ती आमची माणसं, आणि ती जत्रेला आलीच नव्हती. देवाच्या जत्रेला आता जायचं नाही असं साऱ्या वस्त्यांनी ठरवलं होतं, आणि वस्तीवस्तीत जाऊन ते सांगणाऱ्यांत आमचे सासरेच पुढं होते. आपण आपलीच गिऱ्हाइकं घरी बसवली हे त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. आमच्याही नाही. जत्रेत उभं राहिल्यावर कळलं. एरवी मी यावर पोट धरून हसले असते.

दुसऱ्या दिवशी सासरे मला म्हणाले, "बाई, तू बस. घरची सून बसली म्हंजे लोकाईचं भेव जाईन." समोरच्या पेटीत त्यांनी जोडीला ज्वारीचं पोतं ठेवलं. मी बसले. नवऱ्यानं आणि त्यांनी मला फिरवलं. वरून जत्रा दिसत होती, राहुट्या, रोडगे भाजणाऱ्या गोवऱ्यांचा धूर, पलीकडं डोंगर. पेटी माथ्यावरून पुढं झुकली आणि मला काही वाटलं नाही. खाली बाया जमल्या होत्या. त्यातली एक म्हणाली, "हेच नं ते? देव काढले तं इचंच लेकरू गेलं." दुसरीनं आपल्या पोराला कडेवरून उतरवून पदराआड घेतलं. मी फिरत होते आणि दर फेरीला त्यांचं बोलणं अर्धं अर्धं कानावर येत होतं. कडीला तेल कमी पडलंय, एवढंच माझ्या मनात चाललं होतं. उतरले तोवर त्या पांगल्या होत्या. सासरे माझ्याकडं न बघता पोतं उतरवायला गेले.

असे काही दिवस गेले. जवळचं पीठ संपत आलं. एका दुपारी नवरा देवळाकडून नारळ घेऊन आला आणि सरळ खांबापाशी गेला. लोक थांबले. जत्रेत लोकांना कुठं काय होणार याचा वास आधीच येतो. सासरे दुसऱ्या खांबाला टेकून उभे होते. त्यांनी अडवलं नाही. म्हाताऱ्याचा चेहरा पाहून मला वाटलं, हे आता अडवणार नाहीत, दमले.

"माहं लेकरू गेलं, बा," नवरा म्हणाला. "एका नारळानं काय होते?"

त्यानं हात उचलला, तेव्हा चुलीपाशी बसलेली सासू उठली. पिठाचे हात लुगड्याला पुसत आली आणि तिनं नारळ त्याच्या हातातून काढून घेतला. मला वाटलं, तीच फोडणार. फळीवरच्या देवांपुढं रोज दिवा लावणारी तीच होती.

"तुह्या आंधी माहे दोन गेले," ती म्हणाली. "एक तापानं, एक हगवनीनं. जत्राच चालू होती दोन्ही डाव. तवा तुह्या बापानं याच खांबाले पाच पाच नारळ फोडले होते. देवबी घरातच होते. मी रोज हात जोडत होती. तरी गेले."

नवऱ्याला हे माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. 

देव काढल्याचं बोलणाऱ्या त्या दिवशीच्या बाया गर्दीत होत्या, त्यांच्याकडं वळून सासू म्हणाली, "समजलं काय? देव असतानीबी गेले." मग तिनं नारळ पिठाच्या परातीत ठेवला, लुगड्याचा काचा आवळला आणि पेटीत जाऊन बसली. ती आयुष्यात कधी पाळण्यात बसली नव्हती, चक्कर येते म्हणायची. "फिरवा," ती म्हणाली.

"जोड लागते," मी म्हटलं. एवढ्या दिवसांत मी आपणहून बोललेलं ते पहिलं वाक्य असावं. सासूनं समोरच्या पेटीकडं बोट दाखवलं. मी बसले. धारणीकडचं एक कोरकू जोडपं सकाळपासून पाळणा बघत उभं होतं. त्यांना आमच्या नारळाशीही देणंघेणं नव्हतं आणि आमच्या देवांशीही. त्यातला नवरा एका पेटीत चढला, बायको त्याच्या समोरच्या पेटीत. दोघं सारख्याच अंगाची, जोड आपोआप लागली. त्या दुपारी पाळणा भरून फिरला. पुढं जत्रा उठेपर्यंत कुणी ना कुणी बसत राहिलं. रांग लागली नाही, पण साग विकावा लागला नाही. नारळाचं सासूनं रात्री वाटण करून वांग्यात घातलं.

पण मला सांगायचं आहे ते त्या पहिल्या फेऱ्यांचं. समोरासमोरच्या पेट्यांतली माणसं एकमेकांना नीट दिसत नाहीत. एक वर असते तेव्हा दुसरी खाली. फक्त अर्ध्यात दोघी सारख्या उंचीवर येतात, मधे आस. सासूनं दोन्ही हातांनी पेटीची कड घट्ट धरली होती. डोळे मिटलेले असतील असं वाटलं होतं, पण ती टक्क उघड्या डोळ्यांनी माझ्याकडं पाहत होती. पहिल्यांदा बरोबरीला आलो तेव्हा तिनं विचारलं,

"काय नाव ठेवनार होती वं त्याचं?"

मी वर गेले, ती खाली गेली. पेटी माथ्यावर झुकली. मला एकदम खूप राग आला, तिचा, माझा, खाली उभ्या सगळ्यांचा, की इतके दिवस हे कुणी विचारलं कसं नाही. पुन्हा बरोबरीला आलो तेव्हा मी तिला नाव सांगितलं. आस करकरत होता म्हणून मोठ्यानं सांगावं लागलं. ते मनात ठेवलं होतं, कुणाजवळ बोलले नव्हते. सांगितलं आणि मी रडायला लागले, हुंदके देऊन, गुरासारखी. सासूनं ते नाव तिकडून एकदा हाक मारावी तसं म्हटलं.

खाली पाळणा ओढणाऱ्या माझ्या नवऱ्यानं ते वर बघत ऐकलं. आपल्या मुलाचं नाव त्यालाही तेव्हाच कळलं.