फोनात अडकलेले अकरा निरोप

मेल आला तेव्हा मी सकाळच्या बॅचची हजेरी लावत होते. चारच ओळी होत्या. तुमचं खातं बंद करण्यात आलं आहे. तुमचं ॲप दुकानातून काढण्यात आलं आहे. तुमचं खातं आधी बंद केलेल्या एका खात्याशी संबंधित आढळलं. यापुढे नवीन खातं उघडू नये. मी हजेरी पूर्ण केली, बॅच सुटू दिली, मग दाराला आतून कडी लावून मेल पुन्हा वाचला.

दुकान म्हणजे फोनवरचं, जिथून सगळ्यांच्या मोबाइलमध्ये ॲप येतात ते. माझा परभणीत टायपिंग आणि कॉम्प्युटरचा क्लास आहे. प्रोग्रॅमिंग मी चाळिशीत शिकले, वहीत धडे पाडून, रोज एक. आणि एकच ॲप केलं, ते ऊसतोडीला जाणाऱ्या माणसांसाठी.

माझं माहेर बोरीचं. दिवाळी झाली की आमच्या गल्लीतली निम्मी घरं कुलपं लावून कारखान्यावर जायची, आणि किल्ल्या आमच्या आईकडे ठेवून जायची. म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं मागे राहायची. पुढे सगळ्यांकडे फोन आले, पण बोलणं काही जमेना. घरचे जागे असायचे तेव्हा तोडीवाले उसाच्या फडात. ते कोपीवर, म्हणजे पाचटाच्या झोपडीवर, परतले की रेंज नाही. लिहिता-वाचता येणारेही थोडेच. म्हणून माझ्या ॲपमध्ये नावं नव्हती, फोटो होते. फोटो दाबायचा, बोलायचं. रेंज मिळेल तेव्हा निरोप आपोआप पोचायचा.

एका फोनवर पाच-सहा माणसं असायची. नवऱ्याचा निरोप सासऱ्याने ऐकू नये म्हणून मी प्रत्येकाला वेगळी खूण दिली, पडद्यावर बोटाने काढायची. आवाज फक्त कानाशी यायचा, स्पीकरवर नाही. निरोप पोचला की आमच्या सर्व्हरवरून पुसला जायचा आणि त्या एकाच फोनात राहायचा. तिथून तो बाहेर काढायची सोय मी मुद्दाम ठेवली नव्हती. कुणाच्या घरातलं बोलणं गावभर फिरू नये. या गोष्टीचा मला फार अभिमान होता.

मेलमधलं ‘संबंधित खातं’ कोणतं, हे शोधायला मी यादी केली: माझ्या कॉम्प्युटरवर मागच्या वर्षभरात कोण कोण बसलं. माझ्याकडे इन्व्हर्टर आहे, इंटरनेट बरं आहे, आणि दारात आलेल्याला कॉम्प्युटर नाही म्हणायची आपल्याकडे रीत नाही. तिसऱ्याच नावाशी मी थांबले. पूर्ण्याचे एक निवृत्त रेल्वेवाले काका. त्यांनी गाड्यांच्या वेळा सांगणारं ॲप केलं होतं आणि माझ्याकडेच बसून दुकानात चढवलं होतं. मी फोन लावला.

“काका, तुमचं खातं चालू आहे का?”

“ते? ते बंद केलं की त्यांनी. महिना झाला.”

“कशामुळे?”

“रेल्वेचं चिन्ह टाकलं होतं ना मी. जल्म गेला त्या चिन्हाखाली, म्हटलं आपलंच हाय.”

“मग मला सांगायचं नाही का?”

“त्यात काय सांगायचं, मॅडम? आमची गाडी रद्द झाली. तुमची टायमावर चालली होती, खामखा कशाला तुमाला घोर लावायचा!”

मग त्यांच्या लक्षात आलं, त्यांच्यापायी माझंही खातं गेलं होतं. मागे चालू असलेला टीव्ही त्यांनी बंद केला.

मी अर्ज केला. मुद्दे काढून, एक ते सात. काका कोण, मी कोण, कॉम्प्युटर एक का, खाती वेगळी कशी. चहाला आधण येईपर्यंत उत्तर आलं: तपासणी केली, निर्णय कायम आहे. दुसरा अर्ज केला. उत्तर तेच आलं, अक्षराला अक्षर लावून पाहिलं मी. तहसीलमध्ये निदान खिडकी असते. खिडकीतला माणूस जेवायला जातो, पण परत येतो. त्याच्या टेबलावर कागद आपटता येतो. इथे माझे सात मुद्दे कुणा माणसाने वाचले की नाही, हे मला आजही माहीत नाही.

सर्व्हर मी चालू ठेवला. ज्यांच्या फोनात ॲप आधीपासून होतं त्यांचं चालत राहिलं. नवीन कुणाला मिळणार नव्हतं, आणि जुन्यांना दुरुस्ती पोचणार नव्हती. फोन पडला, हरवला, बदलला, की त्या घरातून ॲप गेलं. कोणाकडे आहे, कोणाचं गेलं, ते दाखवणारं पानही माझ्या खात्यासोबत बंद झालं होतं.

निरोप आल्यावर वाजणारा आवाज मी माझ्याच स्वयंपाकघरात रेकॉर्ड केला होता. स्टीलच्या पेल्यावर चमच्याचे दोन ठोके. तो आता मला अवचित ऐकू यायला लागला. बसस्टँडवर जिंतूरच्या गाडीपाशी. दवाखान्याच्या रांगेत मागून कुठूनतरी. मी वळून बघायचे, तर पंचवीस माणसं, प्रत्येकाच्या हातात फोन, आणि कुणाचाच चेहरा सांगेना. घरी येऊन मी जागा आणि वार लिहून ठेवायचे. पहिल्या हंगामात पान भरलं. दुसऱ्यात अर्धंच भरलं. पुढे पुढे घरात खरंच चमचा पेल्याला लागला तरी हातातलं काम थांबायचं.

तो माणूस आला त्याच सुमारास. पेडगावकडचा, ऊसतोडीतला, चाळिशीच्या आतबाहेरचा, एका पायाने लंगडणारा. बाहेर चपला काढून तो दारातच उभा राहिला.

“ताई, फोन फुगायलाय.”

फोनची पाठ एका बाजूने पापडासारखी उचलली होती. आतली बॅटरी फुगलेली दिसत होती.

“हा आता वापरू नका, भाऊ. पेट घेईल.”

“दुकानवाला बी तेच म्हनला. मेव्हन्यानं नवा घेऊन दिला.” त्याने दुसऱ्या खिशातून नवा फोन काढला. “पण ह्यात तुमचं ते न्हाई. लय हुडकलं. दुसरंच काय काय निघायलंय.”

मी त्याला बसवलं, पाणी दिलं. मग कळलं ते असं. एका हंगामात पाय ट्रॉलीखाली सापडून तो घरी राहिला होता, आणि बायको तिच्या भावाच्या टोळीसोबत गेली होती. तिकडेच तिला ताप आला. तालुक्याच्या दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला. त्या हंगामात तिने पाठवलेले अकरा निरोप या फुगलेल्या फोनात होते. दुसरीकडे कुठेही नव्हते. नसावेत अशी व्यवस्था मीच केली होती.

“नव्यात घ्या तेवढे,” तो म्हणाला. “बाकी काई नको.”

मी आधी बॅटरीचा इलाज पाहिला. परभणीत त्या मॉडेलची येत नाही. नांदेडहून एकाने पाठवली, ती बसली नाही. मग ॲपमध्ये निरोप बाहेर काढायचं बटण केलं. एका दिवसाचं काम. दुकानातून पाठवता येणार नव्हतं, पण केबल लावून थेट त्याच्या फोनात घालता येईल असा माझा हिशेब होता. फोनने ते घेतलंच नाही.

कारण मला माहीत होतं, फक्त आठवायचं नव्हतं. प्रत्येक ॲपवर डिजिटल सही असते. सही जुळली तरच फोन जुन्यावर नवं बसू देतो; नाहीतर म्हणतो, आधी जुनं काढा. आणि जुनं काढलं की त्यातले निरोप पुसले जातात. त्या सहीची किल्ली माझ्याकडे नव्हती, बंद खात्यासोबत दुकानाकडेच अडकली होती. ॲप पहिल्यांदा चढवताना दुकानाने विचारलं होतं, किल्ली तुम्ही सांभाळता की आम्ही सांभाळू? मी क्षणभरही विचार केला नव्हता. मोठ्या कामाला निघताना किल्ली शेजारी द्यायची, हे मी जन्मापासून पाहिलेलं. आमच्या आईने कुणाची किल्ली कधी अडवली नव्हती. शहरातल्या एखाद्या प्रोग्रॅमरने निदान एक प्रत स्वतःकडे ठेवली असती. मी ‘तुम्ही सांभाळा’ म्हटलं आणि पुढच्या कामाला लागले.

चौथ्या खेपेला तो आला तेव्हा फोनची काच कडेने सुटायला लागली होती. मी त्याला सरळ सांगितलं.

“भाऊ, निरोप बाहेर निघत नाहीत. एकच उपाय आहे. जुन्या फोनवर वाजवायचे आणि नव्यावर रेकॉर्ड करायचे. मी करून देते.”

तो मान हलवायला लागला. “तुमी ऐकायचं न्हाई, ताई.”

“मी बाकी कुणाला...”

“तसं न्हाई वो. तुमी चांगल्याच हायत. पण ते तिनं मला बोललेलं हाय.”

मला राग यायला हवा होता, वेळ थोडा होता. पण ही खूण, हे कानाशी येणं, मीच तर बनवलं होतं.

मग ठरलं की तोच करेल. दुपारी एक ते तीन क्लास रिकामा असतो. आतल्या खोलीत टेबल लावलं. वाळूची बादली ठेवली, जुन्या फोनने पेट घेतला तर त्यावर ओतायला. पंखा बंद केला, आवाज नको म्हणून. वैशाखातली दुपार होती. नव्या फोनवर लाल बटण कसं दाबायचं आणि जुन्या फोनची कानाकडची बाजू त्याच्याजवळ कशी धरायची, हे त्याच्याकडून तीनदा करून घेतलं. जुना फोन चार्जिंगला लावून चालू केला, त्याने आपली खूण काढली, आणि मी दार ओढून घेतलं.

बाहेर बसून मी कागदावर एक ते अकरा आकडे लिहिले. करायला दुसरं काही नव्हतं. आतून शब्द येत नव्हते, काहीतरी पुटपुटल्यासारखं यायचं आणि थांबायचं. त्या खोलीत दोन माणसं आहेत असं मला वाटत होतं, आणि ते वाटणं काही केल्या जाईना. मी उठून पाण्याचा माठ भरला. परत येऊन बसले, तरी तसंच.

पावणेतीनला तो बाहेर आला. शर्ट घामाने अंगाला चिकटला होता.

“झालं. अकराच्या अकरा.”

“तपासायला हवं. कोरं आलं असेल तर आत्ताच पुन्हा करू. तो फोन उद्यापर्यंत टिकायचा नाही.”

“ऐकू नका.”

“नाही ऐकत. बघते फक्त.”

मी फाइली कॉम्प्युटरवर घेतल्या आणि त्याच्यादेखत स्पीकरची वायर काढून टेबलावर ठेवली. आवाज दाखवणारा प्रोग्रॅम उघडला. त्यात आवाजाच्या लाटा दिसतात, मोठं बोलणं उंच, हळू बोलणं बुटकं. पहिल्या निरोपात बुटक्या लाटांची रांग होती. ती तिची, फोनच्या बारीक भोकातून आलेली. मग सपाट जागा. आणि त्या सपाट जागेत एकदम वर-खाली काठाला टेकणारी उंच लाट. पुन्हा बुटक्या. पुन्हा सपाट, पुन्हा उंच.

मला वाटलं टेबलाला धक्का लागला. दुसरी फाइल उघडली. तशीच. तिसरी, चौथी, पार अकरावीपर्यंत. उंच लाट तिच्या बोलण्यावर कुठेच चढली नव्हती; ती थांबली की यायची, ती सुरू झाली की संपायची. एवढा शिस्तीचा धक्का नसतो. तेव्हा मला कळलं. आपली माणसं निरोप फोनवर बोलल्यासारखा बोलतात. काहीतरी विचारतात आणि समोरच्याच्या उत्तरापुरतं थांबतात. तिने अकराही वेळा जागा सोडली होती, आणि हा माइकला तोंड लावून बसलेला माणूस उत्तरं देत होता.

“बिघडलं का, ताई?”

“नाही. तिचं सगळं नीट आलंय.” मी पडद्याकडेच बघत राहिले. “मध्ये मध्ये जास्तीचा आवाज आहे. दहा मिनिटांत काढता येईल. काढू?”

तो खाली बघत होता. पायाचा अंगठा फरशीवर फिरवत होता.

“तो माझाच हाय,” तो म्हणाला. “राहू द्या. ती इचारती ना.”

मी एकाही लाटेला हात लावला नाही. अकरा फाइलींना एक ते अकरा आकडे दिले आणि आवाज बंद ठेवूनच त्या त्याच्या नव्या फोनात परत टाकल्या.