एक चिंधीही फाडायची नाही

लेकीनं अकोल्याहून फोनवर पाचवा महिना लागल्याचं सांगितलं आणि त्याच दमात बजावलं, "आई, या वेळी काईच तयारी करू नको. एक चिंधीसुद्धा फाडू नको."

मी "बरं" म्हटलं आणि पुन्हा हार ओवायला बसले. आमची शेवंती-झेंडूची शेती, हार करून अमरावतीच्या बाजारात पाठवतो. बोटं आपोआप चालतात, डोकं मात्र रिकामं राहतं. सगळा त्रास तिथंच आहे.

दोन वर्षांपूर्वी तिचं पहिलं बाळंतपण आमच्याकडे, माहेरी व्हायचं होतं. तेव्हा मी हौसेनं घर डोक्यावर घेतलं होतं. जुन्या सुती साड्या फाडून बावीस दुपटी शिवली. सुताराच्या मागं लागून सागवानी पाळणा करून घेतला. आठव्या महिन्यात पाळणा घरी आला आणि दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात कळलं, पोटातल्या बाळाचे ठोके थांबलेत. भेटायला आलेली माझी नणंद दारातच म्हणाली, "रिकामा पाळना कोनी आधीच घरात आनते काय?" तिला मी आजवर माफ केलेलं नाही. पण खरं सांगायचं तर तिचं बोलणं मला पटलं होतं. अपशकुन मीच केला, हे मनात धरून मी बसले. दुपटी वाटून टाकली. पाळणा ह्यांनी माळ्यावर टाकला आणि पुढं त्यात कांदे भरले. मी त्या माळ्यावर कधी चढले नाही.

आता तयारी तर करायची नाही, आणि बाळंतीण तर येणार. मागची खोली फुलांची. ओली पोती, कुजक्या पाकळ्यांचा वास. तिथं तान्हं बाळ कसं ठेवायचं? मग मी घरात आणि फोनवर लेकीलाही जाहीर केलं की खोलीत उंदीर झालेत. चार दिवस पोती ओढली. गुडघे असे सुजले की गच्चीचा जिना चढताना मी देवाला नाही, जिना बांधणाऱ्या गवंड्याला आठवत होते. भिंतींना चुना दिला, तो ओल आली म्हणून; तेही लेकीच्या कानावर घातलं. ह्यांनी बाजेची सुतळी नव्यानं विणली. विचारलं तर म्हणाले, "माही पाठ दुखून राहिली." तीस वर्षांत ह्यांची पाठ कधी दुखली नव्हती. डिंक आणि खारका आणल्या, तुरीच्या डाळीच्या डब्यात तळाशी लपवल्या. मऊ सुती साड्या तीन-तीनदा धुऊन वाळत घातल्या, पण फाडली एकही नाही. शेजारच्या म्हाताऱ्या खालांनी दोरीवर हात फिरवून विचारलं तर मी म्हटलं, फरशी पुसायला काढल्यात. "पोछे के वास्ते इत्ता नरम कपडा कौन धोता, बेटा?" एवढंच बोलून त्या घरात गेल्या.

मी फार थकले होते. कामानं माणूस थकतंच, पण काम करत नसल्याचं सोंग करून त्याच्या दुप्पट थकतं. रोज वाटायचं, लेकीला फोन करून विचारावं, कसं आहे, हलतं का. पण तेही विचारायची भीती. मी जेवणाचं विचारायची, हवापाण्याचं विचारायची.

आठवा लागल्यावर हे बडनेरा स्टेशनवर जाऊन तिला घेऊन आले. हातपाय धुऊन ती थेट मागच्या खोलीत गेली. मग स्वयंपाकघरात जाऊन डाळीचा डबा उघडला; माझी लपवायची जागा तिला लहानपणापासून ठाऊक.

"उंदीर नाई, ओल नाई. बाज नवी विनली. डायीत डिंक. मी आंधळी आहे काय, आई?"

"साडी नाई फाडली मी," मी घाईनं म्हटलं. "तुही शप्पत."

"आन् पाळना कुठं आहे?"

मी भडकलेच. "त्याचं नाव काढू नको! एकदा माह्याच हातानं झालं ना ते!"

ती परत मागच्या खोलीत येऊन बाजेवर बसली. मग म्हणाली, "पाळना यायच्या दोन दिवस आधीपासूनच ते हलत नव्हतं, आई. मले समजलं होतं. तू दुपट्यायले लेस लावत होती, गानं म्हनत होती. तुले सांगवलंच नाई. वाटलं, झोपलं असन, हलन."

मी तिच्याशेजारीच बसले. "अवं, मी दोन वर्सं सोताले खाऊन राहिली..."

"आन् मी?" ती म्हणाली.

एवढ्या दिवसांत माझ्या डोक्यात माझाच अपराध होता. तिच्या डोक्यात काय असेल, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. आई म्हणवून घ्यायची मला लाज वाटली.

"तू खुश असली का मले काई वाईट सांगता येत नाई," ती म्हणाली. "म्हनून तयारी नको म्हटलं. आता करायची तेवढी कर. फक्त रोज विचारत जा मले. हललं काय म्हून."

ह्यांनी दारातून सगळं ऐकलं असावं. थोड्या वेळानं माळ्यावरून कांदे ओतल्याचा आवाज आला. मी दोरीवरची सगळ्यात मऊ साडी काढली, काठाला दात लावला आणि टर्रकन फाडली.

पाळण्याचा कांद्याचा वास जायला आठवडा लागला. विचारायची सवय मात्र एका दिवसात लागली आणि नात झाल्यावरही सुटली नाही. सकाळी खोलीत पाऊल टाकलं की तोंडातून निघतंच, "हललं काय?"

"हललं, आई," लेक पांघरुणातून म्हणते. "रातभर हलून राहिलं. घे आता तू."