कौसल्याने आज विचारलेलं

मैत्रिणींनो, आज आमच्या नंदनवन वस्तीच्या भाजीबाजारात माझ्याच वयाच्या एका म्हातारीने हात धरला. "वळखलं का, सिस्टरबाई? मी कौसल्या."

ओळखलं. साठच्या दशकात खाप्याकडच्या तिच्या गावात कॉलरा आला, तेव्हा मी तिथे नवी नर्स होते. आमच्याजवळ लस होती, सलाईन नव्हतं. कौसल्याच्या मांडीवर तिची लेक सुकत चालली होती. "बाटली कवा येते वं बाई?" ती विचारत राहिली. बाटल्या आल्या, पण लेकीला पुरून झाल्यावर.

आज ती म्हणाली, "अंगणवाडीची बाई सांगते, हगवणीत मीठ-साखरेचं पाणी पाजा. माही पोरगी पाणी मांगून राहिली होती, मी देल्लं नाही. लोकं म्हणे, पाण्यानं वाढते. पाजलं असतं तं वाचली असती का वं?"

बहुतेक वाचली असती. पण तेव्हा हे आम्हालाच कोणी शिकवलं नव्हतं.

"नाही वं, नसती वाचली," मी म्हणाले.

तिने माझा हात सोडला. "खोटं बोलून राहिल्या तुम्ही," म्हणाली आणि पिशवी उचलून निघून गेली.

तुम्ही असता तर तिला काय सांगितलं असतं?