देवाच्या गोळ्या

भिवंडीतल्या टेमघरच्या त्या गल्लीत वर्तमानपत्र एकाच घरी यायचं, पण बातम्यांवाचून कुणाचं अडत नव्हतं. जानकीबाईंच्या ओटीवरचा कोपरा होता ना! सून कमळ बाहेरची झाली की त्या कोपऱ्यात गोणपाट, तांब्या आणि वेगळं ताट घेऊन बसायची. येणारे-जाणारे तिकडे बघून समजायचे ते समजायचे. लग्नाला चार वर्षं झाली होती आणि कमळ दर महिन्याला नेमानं त्या कोपऱ्यात दिसत होती. त्यामुळे गल्लीला तिच्याबद्दल फार हळहळ वाटायची. हळहळायला पैसे पडत नाहीत.

जानकीबाई मात्र हळहळत बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. "शेलार गावाला माझी भाची हाय अजून बिनलग्नाची," एवढंच त्या मुलाला, दौलतला, जेवताना सांगायच्या. दौलत निजामपुऱ्यातल्या कारखान्यात लूमचा जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा. बिघडलेला लूम तो आवाजावरून ओळखायचा, पण घरातला आवाज त्याला कधी ऐकू यायचा नाही. तो आमटी वाढून घ्यायचा.

त्या वर्षी गणपतीच्या तोंडावर सुनेची अडचण यायची होती. घरात नैवेद्याला दुसरं बाईमाणूस नाही. जानकीबाईंच्या गुडघ्यांनी मोदक वळायला कधीच नकार दिलेला. शेजारच्या आक्कानं मग मार्ग काढला. "मेडिकलमध्ये गोळी मिळते गो. येणारी अडचण थांबून ऱ्हाते. आमची सून दर सणाला घेते."

गोळ्या आल्या. त्या देव्हाऱ्यातच ठेवल्या, कुंकवाच्या करंड्याशेजारी. रोज सकाळी जानकीबाई सुनेच्या हातावर आधी तीर्थ घालायच्या, मग गोळी. गणपती गेले. पितृपक्ष आला. पितरांना सून बाहेर बसलेली कशी चालेल? नवरात्र तर देवीचंच. पाकिटामागून पाकीट संपत गेलं. वर घटाच्या नवसाचे नऊ दिवसांचे कडक उपास, तेही सुनेनंच धरलेले. उपाशी पोटी ती मागच्या शेडात मशीनवर मागाच्या सुताच्या कांड्या भरत होती. ब्लाऊज अंगावर सैल झाले. जानकीबाई म्हणाल्या, "बघ, तपाचं तेज कसं चढलंय!"

दसऱ्याला गोळ्या थांबल्या. पण कोपरा रिकामाच राहिला. दिवाळी गेली तरी रिकामाच.

"काय गो जानकी, ओटीवर शांत शांत दिसतंय!" आक्का म्हणाली.

"देवीनं ऐकलं," जानकीबाई म्हणाल्या. हे त्या अशा आवाजात म्हणाल्या की देवीलाही नव्यानं कळलं असावं.

त्या दिवसापासून कमळचं नशीब पालटलं. कांड्यांचं मशीन सुटलं. शेलारच्या भाचीचं नाव निघेनासं झालं. ताटात आधी तिला तूप. कमळला खरंच सकाळी मळमळल्यासारखं व्हायचं. ती देव्हाऱ्यासमोर हात जोडून म्हणायची, "आई, असेल तर राहू दे." आणि मग हळूच, "नसेल तर मला सांग तरी."

दवाखान्यात लघवी तपासली. नाही म्हणाले.

"मशीन बिघडलं असेल," जानकीबाई म्हणाल्या. "आमच्या दौलतचे लूम रोज बिघडतात."

काही आठवडे थांबून पुन्हा तपासली. पुन्हा नाही.

"देवीनं दिलेलं पोर बाटलीत दिसतं का कधी!" असं म्हणून त्यांनी चोर ओटीचा बेत केला. चोर ओटी म्हणजे तिसऱ्या महिन्यात घरातल्या घरात, कुणाला न सांगता भरायची ओटी. जानकीबाईंनी ती मार्गशीर्षातल्या गुरुवारी ठरवली आणि अख्ख्या गल्लीला आवतण दिलं. हिरवी साडीही आली.

ती साडी कमळनं घडी न मोडता बाजूला ठेवली. पोटात काही नाही हे आज ना उद्या कळणारच. आणि कळेल तेव्हा कुणी 'नव्हतं' म्हणणार नाही, 'हिनं घालवलं' म्हणतील. मग शेलारचा रस्ता मोकळा. चार वर्षांत पहिल्यांदा ती नवऱ्याला म्हणाली, "मला चांगल्या डॉक्टरणीकडं न्या." दौलतला, नवल म्हणजे, ऐकू आलं.

डॉक्टर अतिया निजामपुऱ्यातल्याच, भिवंडीतच लहानाच्या मोठ्या झालेल्या. जानकीबाई बरोबर गेल्याच. डॉक्टरीणबाईंनी कमळला तपासलं, कागद बघितले.

"दिवस गेलेले नाहीत. इतक्या दिवसांनी दोनदा तपासलंय, असतं तर दिसलं असतं."

"मग पाळी कुठं गेली?" जानकीबाईंनी असं विचारलं, जणू डॉक्टरणीनंच ती ठेवून घेतली होती.

"पाळी चुकायला एकच कारण नसतं हो, आजी. वजन उतरतं, उपास, काळजी, थायरॉईड नावाची ग्रंथी असते गळ्यात, ती बिघडते. औषधांनीही होतं. काही औषध चालू होतं का?"

"छे! औषध कसलं? ठणठणीत हाय."

कमळनं पदराखालून पिशवी काढली. देव्हाऱ्यातली वस्तू कचऱ्यात टाकायची नाही, हा जानकीबाईंचाच दंडक. म्हणून सुकलेल्या फुलांसोबत गोळ्यांची रिकामी पाकिटंही निर्माल्यात जमा झाली होती, हळदकुंकू लागलेली.

"ह्या," ती म्हणाली. "देवाच्या गोळ्या."

डॉक्टरीणबाईंनी पाकिटं टेबलावर मांडली आणि कपाळाला हात लावला. "ह्या गोळ्या शरीराला 'थांब' सांगतात. तुम्ही कुणाला न विचारता सणामागून सण 'थांब, थांब' सांगत राहिलात, वर उपाशी ठेवलंत. गोळ्या बंद केल्यावर बहुतेकींना थोड्या दिवसांत येते. हिला आली नाही, म्हणून रक्त तपासू, औषध देते. पोटभर जेवायचं. तरी नाही आली तर परत यायचं, घरी बसून राहायचं नाही."

"म्हणजे काही गेलं नाही ना माझं?"

"नव्हतंच, तर जाईल कुठून?"

"बाई, हे जरा मोठ्यानं सांगा. आईंना कमी ऐकू येतं."

"मला कुठं कमी ऐकू येतं गो!" जानकीबाई उसळल्या.

"येतं ना? मग झालं," कमळ म्हणाली.

रक्तात काही निघालं नाही. गल्लीला दिलेलं आवतण मात्र जानकीबाईंनी परत घेतलं नव्हतं. औषध संपलं, वरणभात पोटात जायला लागला आणि ओटीभरणीच्या गुरुवारी सकाळीच पाळी आली. जानकीबाई म्हणाल्या, "आत माळ्यावर बस, बायका यायच्यात." पण इतकी वर्षं पाळलेला नियम आजच कसा मोडायचा? कमळनं गोणपाट उचललं आणि ओटीवर, कोपऱ्यात, सगळ्यांना दिसेल अशी जाऊन बसली.

बायका नारळ घेऊन आल्या आणि पायरीवरच थबकल्या.

"अगो बाई! गेलं?" आक्कानं तोंडावर हात ठेवला.

"आईंना विचारा. त्या होत्या बरोबर," कमळ म्हणाली आणि सासूकडे बघत राहिली.

सगळ्यांनी जानकीबाईंकडे बघितलं. सुनेनं घालवलं म्हणावं, तर देवीनं ऐकल्याची दवंडी स्वतःच पिटलेली. दिलेलं परत घेणारी देवी गल्लीत कुणाला सांगायची? त्यांनी मागं पुढं बघितलं आणि जवळ सापडली तिच्यावर तुटून पडल्या.

"जायला होतं काय? न्हवतंच मुळी! तुझ्याच गोळ्यांनी केलं हे सगळं, आक्के! डॉक्टरणीनं तोंडावर सांगितलं माझ्या. माझ्या सुनेची काय एक चूक न्हाय!"

माझ्या सुनेची. कमळनं पदरानं तोंड पुसलं, म्हणजे हसू पुसलं. आत दौलत चुलीशी वाकून दूध उतू जातंय का बघत होता. त्याला तेही उशिरा कळलं.

पुढच्या गणपतीला कमळ पुन्हा कोपऱ्यातच होती. मोदक जानकीबाईंनी वळले. दोन फुटले, एकाचं नाक वाकडं झालं. गणपतीनं ते मुकाट्यानं घेतले. त्यानं तशी कधीच तक्रार केली नव्हती. त्याला कुणी विचारलंच नव्हतं.