मंडळी लग्नाला, कुत्री आमच्याकडे

कुत्र्यांचे केस आणि कुत्र्यांचे किस्से, दोन्ही सारखेच. कितीही झाडा, सदऱ्याला काही ना काही चिकटून राहतंच. अमरावतीला मित्रांकडे गेलो की ते आधी माझी पँट पाहतात आणि मग म्हणतात, "हां, सांग आता या खेपेचं." चहा त्यानंतर. म्हणून म्हटलं, या फाल्गुन-चैत्रातले एकदाचे लिहूनच काढावेत, दर वेळी घसा कोरडा करायला नको.

तर मी गजानन. दर्यापूर रोडला आमचं शेत आहे. काळी जमीन, कपाशी, तूर, हरभरा. रस्त्याकडेचा गोठा रिकामा पडला होता. तिथे मी जाळ्या ठोकल्या, फरशी घातली, कूलर बसवले आणि बाहेरगावी जाणाऱ्यांची कुत्री सांभाळायला लागलो. गावात त्याला 'गजूचं लॉज' म्हणतात. होळी झाली की लग्नसराई सुरू होते. अमरावती-अकोल्याची निम्मी जनता लग्नाला निघते आणि त्यांची कुत्री माझ्याकडे उतरतात. सगळ्या जगाची लग्नं माझ्या भरवशावर लागतात. माझं तेवढं लागत नाही, आणि त्याचं कारणही हीच कुत्री!

* * *

हे कारण आईच्या तोंडून ऐकण्यासारखं आहे. आमच्याकडे आधीच शेतकऱ्याच्या पोराला मुलगी मिळणं अवघड. त्यात सोयरीक घेऊन कोणी आलं की पहिला प्रश्न, पोरगा काय करते? आई म्हणते, शेती आहे आणि जोडधंदा आहे. जोडधंदा कोणता? तर म्हणे पशुपालन. समोरच्याला बरं वाटतं. तो विचारतो, म्हशी किती? इथे आई पाणी आणायला आत जाते आणि बाहेर येतच नाही.

या वर्षी तिने निर्वाणीचं सांगितलं. पाडव्याला गावात सालदार, म्हणजे वर्षाचे शेतगडी, बदलतात, जुना जातो, नवा लागतो. तसं तूही पाडव्याला हे बंद कर आणि दुसरं काही धर. "कुत्रे राहतीन नाही तं सून येईन," ती म्हणाली. "दोन्ही नाही होत, बाप्पा."

मला धंदाही हवा होता आणि बायकोही. पण हे आईला समजावणं म्हणजे लॅब्राडोरला उपास समजावणं.

* * *

आता गिऱ्हाइकं कशी असतात ते बघा. अमरावतीचे एक गुरुजी आहेत, पूजा-मुंजी-लग्नं करणारे. सीझनला त्यांना श्वास घ्यायला सवड नसते. ते आपला पामेरियन बंटी ठेवून गेले. दूध-भात देत जा म्हणाले, बाकी काही नाही. मी दूध-भात दिला. बंटीने ढुंकून पाहिलं नाही. संध्याकाळी दिला, तेच. ताटापुढे शहाण्यासारखा बसायचा आणि माझ्या तोंडाकडे पाहायचा. मी डॉक्टरला फोन लावायच्या बेतात होतो, तेवढ्यात गुरुजींचाच आला.

त्यांनी अगदी शांतपणे विचारलं, "घंटा वाजवलीत का?"

घरी देवाला नैवेद्य दाखवून घंटा वाजली की मगच बंटीचं ताट, असा त्यांचा रिवाज! मग मी आईच्या देवघरातली घंटा मागून आणली. एका हाताने घंटा, दुसऱ्या हाताने दूध-भात. बंटी जेवला. आठवडाभर मी हेच केलं आणि आठवडाभर बाकीच्या कुत्र्यांनी ते नीट पाहून घेतलं.

बंटी गेला, पण शिकवण मागे ठेवून गेला. आता गावातल्या मारुतीच्या देवळात सांजेची आरती सुरू झाली की माझ्याकडचं प्रत्येक कुत्रं ताट मागायला भुंकतं. आरतीचा एक शब्द कोणाला ऐकू येत नाही. शेवटी देवळातली मंडळी माझ्याकडे आली. भांडतील असं वाटलं होतं, पण त्यांचे अध्यक्ष समजूतदार निघाले. "गजू," ते म्हणाले, "तुयाच कुत्र्यायची जेवाची वेळ सांगून दे. ते जेवले का मंग करतो आमी आरती."

* * *

अकोल्याच्या एका वकीलसाहेबांचा जर्मन शेफर्ड दर फाल्गुनात असतो. कुत्रा गुणी आहे. साहेब मात्र रोज फोन करतात आणि तो फोन नसतो, ती उलटतपासणी असते. कुत्रा झोपला आहे म्हटलं, तर झोपला आहे असं आपण कशावरून म्हणता? डोळे मिटलेत म्हटलं, तर डोळे मिटून जागा राहता येत नाही का? घोरतोय म्हटलं, तर तो आवाज याच कुत्र्याचा, दुसऱ्याचा नाही, हे खात्रीने सांगू शकता का?

एकदा मी वैतागून म्हणालो, साहेब, तुम्हीच त्याला विचारा, आणि फोन कुत्र्याच्या कानाशी धरला. साहेबांचा आवाज ऐकल्याबरोबर त्याने उठून भिंतीकडे तोंड केलं आणि परत आडवा झाला. हे मी साहेबांना सांगितलं नाही. साक्षीदार फितूर झाला म्हणाले असते.

* * *

फाल्गुनातच ऊन तापायला लागलं म्हणून मी कूलर लवकर सुरू केले. त्यावर गाव बोलायचं ते बोललं. आमच्या घरात मात्र एक चमत्कार झाला. ज्या बाबांनी आजवर 'कुत्र्याच्या खोलीत माणसानं जाऊ नये' म्हणून त्या गोठ्यात पाय ठेवला नव्हता, ते रोज दुपारच्या जेवणानंतर 'लक्ष ठेवायला' तिकडे जायला लागले. चटई घेऊन.

एक दिवस अमरावतीच्या एक बाई आपला पग आणून सोडायला आल्या. जागा दाखवा म्हणाल्या. मी दार उघडलं. कूलरपुढे बाबा डाराडूर, एका बाजूला बॉक्सर, दुसऱ्या बाजूला गोल्डन रिट्रीव्हर, आणि बाबांचा हात त्याच्या पाठीवर. बाई हळूच मला म्हणाल्या, यांच्याही घरची मंडळी लग्नाला गेलीत का?

* * *

लॅब्राडोर हा प्राणी कुणाच्याही गाडीत बसतो. उघडं दार दिसलं की झालं. अकोल्याचं एक जोडपं, दोघंही शाळेत शिकवतात, परतवाड्याचं लग्न आटोपून सकाळीच आपला लॅब्राडोर न्यायला आलं. झोपेने दोघांचे डोळे मिटत होते. मी कुत्र्याचं सामान आणायला आत गेलो, तेवढ्यात त्यांच्या गाडीत एक लॅब्राडोर जाऊन बसला. त्यांनी दार लावलं, हात हलवला, गेले. मी सामान घेऊन रस्त्यात उभा.

दुपारी दुसऱ्या लॅब्राडोरचे मालक आले आणि म्हणाले, हा आमचा नव्हे. सरांना फोन लावला, चूक सांगितली, माफी मागितली. सर म्हणाले, "तरीच! हाक मारली तर येऊन राहिला होता."

मी म्हटलं, लगेच घेऊन या, खरे मालक बसलेत. तर मॅडमनी त्यांच्या हातून फोन घेतला. त्यांचा आवाज एकदम गोड. म्हणाल्या, गजूभाऊ, त्या लोकांना विचारा ना, त्यांना आमचावाला चालते काय?

* * *

मार्च संपत आला तसा आईचा धीर सुटला. मामांनी अकोटचं एक स्थळ आणलं. ते घर पाहायला येणार होते. त्या दिवशी कुत्री दिसताच कामा नयेत, असं आई, बाबा आणि मामा या तिघांनी मिळून ठरवलं. मला विचारलं नाही. सगळी कुत्री गोठ्यातून काढून घरामागे, कुटाराच्या, म्हणजे भुशाच्या, कोठ्यात कोंडली. पाहुण्यांना घर आवडलं, शेत आवडलं, पोहे आवडले. मुलीचे काका तर 'पुढच्या बैठकीचं बोलू' इथपर्यंत आले. इतक्यात दिवेलागण झाली म्हणून आईने सवयीने देवापुढे दिवा लावला आणि घंटा वाजवली.

कोठ्याचे पत्रे हादरायला लागले! पाहुणे उठून उभे राहिले. इतके कुत्रे कुठले, त्यांनी विचारलं. बाबा आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलले. म्हणाले, गावातले आहेत, असेच फिरतात.

ते बोलत असतानाच कोठ्याच्या दाराच्या फटीतून एक डॅशहंड बाहेर आली, बैठकीत येऊन सगळ्यांच्या मध्ये बसली आणि ताटाची वाट पाहायला लागली. तिच्या मालकीणबाईंनी घालून दिलेला गुलाबी फ्रॉक अंगात होता, झालरीचा. मुलीच्या काकांनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग ते बाबांना म्हणाले, "तुमच्या गावात कुत्रे कपडे कोठून घेते जी?"

ते स्थळ तिथेच संपलं.

* * *

त्यानंतर तेल्हाऱ्याचं आलं. या वेळी मी आईला बजावलं, काही लपवायचं नाही. मुलीचे वडील कपाशीचे मोठे शेतकरी, बोलायला साधे. मुलगीही सोबत आली होती, प्रणाली. घर पाहून झाल्यावर ती म्हणाली, मला कुत्री पाहायची आहेत. आई पाणी आणायला आत गेली.

मी तिला गोठा दाखवला. तिच्या घरी एक गावठी कुत्रा होता, वाघ्या. एका पायाने लंगडा, तिने रस्त्यावरून उचलून आणलेला. ती प्रत्येक जाळीपाशी थांबली. तिने कूलरचं विचारलं नाही, उत्पन्नाचं विचारलं नाही. नवीन आलेलं कुत्रं पहिल्या दिवशी रडतं, तेव्हा काय करता, एवढंच विचारलं. मी सांगितलं, त्याच्याजवळ बसतो, बोलत नाही. ती म्हणाली, मीही तसंच करते. खरं सांगतो, मला ती फार आवडली. पुढचे काही दिवस मी फोन हातातून खाली ठेवला नाही, आणि वकीलसाहेबांनाही नीट उत्तरं दिली.

निरोप मामांकडे आला. पोरीची हरकत नव्हती, पण वडिलांनी नको म्हटलं. मुलगा चांगला आहे, घर चांगलं आहे, पण जावई काय करतो हे चार लोकांत सांगायचं कसं, असं त्यांचं म्हणणं.

पाडवा आला. गुढी उभारली, आणि मी आपणहोऊन आईला सांगितलं, बंद करतो. आधी होकार दिलेली कुत्री तेवढी सांभाळून देतो, नवीन घेत नाही. आई खूश होईल असं वाटलं होतं. ती गाठी घेऊन आत गेली.

चार-आठ दिवसांनी दारात एक बोलेरो थांबली. तेल्हाऱ्याचे काका, प्रणालीचे वडील, उतरले. मागून दोरी ओढत लंगडत वाघ्या उतरला. क्षणभर मला वाटलं, बोलणं पुन्हा सुरू करायला आले. आईही पदर सावरत बाहेर आली.

काका ओट्यावर बसले, पाणी प्यायले, म्हणाले, परवा प्रणालीचा साखरपुडा आहे. घरात पाहुणे मावणार नाहीत, आणि हा लोकांना पाहून बिथरतो. आठ दिवस ठेवा. मी दोरी हातात घेतली. दुसरं काय करणार होतो? वाघ्या माझ्या पायाशी येऊन बसला.

आईने विचारलं, मुलगा कुठला? काका म्हणाले, पुण्याचा, कंपनीत आहे. स्वभावाला कसा आहे, आईने विचारलं. काका हसले. म्हणाले, तशी अजून भेट झाली नाही, फोनवर पाहिला, फोटोत चांगला दिसतो. परवा पहिल्यांदाच येऊन राहिलेत ते लोक, आल्याबरोबर साखरपुडाच उरकून टाकू.

मला आता राहवेना. मी म्हटलं, "काका, तेल्हाऱ्याहून इतक्या दूर कावून आणलं याले? अकोल्यात आहे ना कुत्रे ठेवाची जागा, तुमाले जवळच पडली असती."

"आहे ना," काका म्हणाले. त्यांनी वाघ्याच्या डोक्यावरून हात फिरवला. "पण मुका जीव आहे, बापू. त्याले असं कोनाच्याही हवाली करता येते काय? मानूस पाहा लागते."