तोफबाईंची लेक शाळा बदलते

सल्लागाराच्या काचेच्या खोलीतून तोफबाई बाहेर पडल्या तेव्हा त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. रसायनशास्त्र शिकवणाऱ्या या बाईंना हे नाव मुलांनी ठेवलं होतं आणि ते चुकीचं नव्हतं. दहावीतल्या लेकीला पुढे अमेरिकेत शिकायला जायचं होतं. परदेशी कॉलेजांत पोरं धाडणं हाच ज्याचा धंदा, त्या माणसाने चहा गार व्हायच्या आत निकाल दिला होता. शाळेची शेवटची दोन वर्षं गावाबाहेरच्या मोठ्या आंतरराष्ट्रीय शाळेत काढायची. तिथले विषय तिकडच्या कॉलेजांना कळतात. तुमच्या शाळेला तिकडे कोण ओळखतं?

"मी ओळखते," बाई म्हणाल्या होत्या. "उभा जन्म तिथेच घसा कोरडा केलाय."

घरी आल्यावरही तोंडाचा पट्टा चालूच. चष्म्याचं दुकान चालवणारा नवरा स्वभावाने गरीब गाय. तो स्वतःचाच चष्मा पुन्हा पुन्हा पुसत ऐकत राहिला.

"पहिली येणारी पोर उचलायची आणि जिथे तिला काळं कुत्रंही विचारणार नाही तिथे नेऊन टाकायची. का, तर पाटी मोठी. तिकडे शिक्षकांचं शिफारसपत्र लागतं. नव्या शाळेतला मास्तर काय लिहिणार? वर्षापूर्वी आली, नाव बहुतेक हेच आहे?"

"मुद्दा बरोबर आहे."

"मग सांगा की तुमच्या लेकीला. दरवेळी मीच का वाईट व्हायचं?"

लेक दारातच उभी होती. "आई, आपल्या शाळेत माझं पत्र कोण लिहील?"

"कोणीही लिहील. सगळे ओळखतात तुला."

"काय म्हणून ओळखतात?"

इथे बाईंची एक रीत सांगायला हवी. लेक त्यांच्याच वर्गात आली तेव्हा बाईंनी मनाशी ठरवलं, हिचे लाड होतात असं कोणी म्हणता कामा नये. वर्गात गलका झाला की त्या फळ्याकडून वळायच्या आणि खिडकीजवळच्या दुसऱ्या बाकाकडे बोट करायच्या. "आधी तू उभी राहा." गलका कोणी का केलेला असेना. पोटच्या पोरीला सोडत नाहीत म्हटल्यावर बाकीचे मूग गिळून गप्प. लेकी बोले सुने लागे, असं त्या शिक्षकांच्या खोलीत ऐटीत सांगायच्या. मग इतर शिक्षकांनीही तीच युक्ती उचलली. आईच रागावते, आपल्याला कोण जाब विचारणार?

"मी गणिताच्या सरांना विचारलं, पुढे पत्र द्याल का," लेक म्हणाली. "ते म्हणाले, हुशार आहेस, पण आधी दंगा कमी कर. आई, मी वर्गात कधी शेजारणीशीसुद्धा बोलले नाहीये. आणि आईचं पत्र चालत नाही. तिथे एक वर्ष का होईना, कोणीतरी मला नुसतं मी म्हणून बघेल."

"मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"कधी बोलणार? उभं केल्यावर?"

बाईंना आता सल्लागारावर आला होता त्याहून मोठा राग आला. तो काढायचा तर आपल्यावरच काढायला हवा होता, पण तशी सवय नव्हती. त्यांनी तो नवऱ्यावर काढला. "बघताय काय? उद्या शाळा सोडल्याचा दाखला काढायचाय."

लेक नव्या शाळेत गेली. रोज संध्याकाळी येऊन ती बापाशी तिथल्या गोष्टी बोलायची. बाईंनी विचारलं की म्हणायची, ठीक आहे.

इकडे बाईंच्या शाळेत लेकीच्या वर्गातली मुलं अकरावीत आली. एकदा बाई फळ्यावर समीकरण लिहीत असताना मागच्या बाकांवर हशा उसळला. बाई गर्रकन वळल्या आणि त्यांचं बोट आपोआप खिडकीकडे गेलं. "आधी तू उभी राहा."

त्या बाकावर आता एक अबोल मुलगी बसत होती. ती उठली. मान खाली, दोन्ही हात बाकावर. तिच्या वहीत अर्धं समीकरण उतरवलेलं होतं.

बाईंचं बोट खाली आलं.

"बस. तू काही केलेलं नाहीस."

मुलगी गोंधळून बसली. बाईंनी खडू टेबलावर ठेवला. पोटच्या पोरीला एवढं वाक्य त्यांनी एकदाही म्हटलं नव्हतं.